बुधवारची दुपार: न्यू जर्सीत मुलांकडे राहून ब्रॉडवेचं नाटक कसं गाठावं

न्यू जर्सीत लेकीकडे राहायला गेलेल्या आईबाबांचा दिवस कसा जातो ते ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. साडेआठला घर रिकामं होतं. लेक-जावई कामावर, नात शाळेत. बाहेर लांबलचक गुळगुळीत रस्ता आणि त्यावर चालणारं माणूस औषधाला नाही. गाडी चालवता येत नसेल तर कोथिंबिरीची जुडीसुद्धा शनिवारपर्यंत थांबते. आणि शनिवार उजाडला की आठवडाभर दमलेली ती दोघं, कपड्यांचे ढीग, वाणसामान, नातीचा पोहण्याचा क्लास. त्यात आपण "आम्हाला न्यूयॉर्कला नाटक बघायचंय" म्हणायचं? तोंडातून शब्द निघत नाही.

पहिल्या खेपेला आम्ही असेच गप्प बसून परतलो. दुसऱ्या खेपेला बुधवार सापडला.

ब्रॉडवेवरची बहुतेक नाटकं आठवड्याला आठ प्रयोग करतात. सोमवारी साधारणपणे सुट्टी, आणि शनिवार-रविवारखेरीज बुधवारीही बऱ्याच नाटकांचा दुपारी दोनचा खेळ. बुधवारच्या दुपारी निम्मं प्रेक्षागृह पांढऱ्या केसांचं असतं. शनिवार रात्रीपेक्षा तिकीट बहुधा स्वस्त, मुलांना सुट्टी टाकायला लावायची नाही, आणि रात्र फार व्हायच्या आत घरी. आपण आणि आगगाडी, मध्ये कुणी नाही. एवढं ठरलं की बाकी सगळं दोन वाजल्यापासून मागे मोजत यायचं: किती वाजता जेवायचं, कुठली गाडी पकडायची, तिकीट कधी काढायचं.

पहिला आठवडा नाटकाला द्यायचा नाही

उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे तिथले दुपारचे दोन हे आपल्या शरीराचे रात्रीचे साडेअकरा, किंवा साडेबारा. रात्री आठच्या खेळाला तर शरीर पहाटेच्या साखरझोपेत असतं. आमचे हे पोचल्यावर चौथ्याच दिवशी उत्साहाने नाटकाला निघाले आणि दुसऱ्या अंकात व्हायोलिनच्या साथीने घोरायला लागले. मी दोनदा कोपराने ढोसलं. तिसऱ्यांदा शेजारच्या गोऱ्या आजींनीच मला हातानं खुणावलं, झोपू दे. शंभर डॉलरची ती झोप घरात अजून निघते. तेव्हा निदान आठ-दहा दिवस जाऊ द्या.

मोसमाचं म्हणाल तर नाताळच्या आसपास सगळंच महाग आणि तुडुंब. जानेवारी-फेब्रुवारीत तिकिटं उतरतात, पण बर्फात चालायची तयारी हवी. माझं मत सप्टेंबरला. हवा छान, शाळा सुरू झाल्याने गर्दी कमी, आणि 'ब्रॉडवे वीक' नावाची योजना बहुधा तेव्हाच असते, एका तिकिटाच्या पैशात दोन. हीच योजना हिवाळ्यातही एकदा येते.

इथून निघताना नाटकासाठी म्हणून वेगळं काही न्यायचं नसतं. एक शाल मात्र हातबॅगेतच ठेवा. तिथल्या थिएटरातला एसी कडाक्याचा असतो. चष्म्याची दुसरी जोडी आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह औषधं घ्या. आरोग्यविमा काढल्याशिवाय विमानात पाऊल टाकू नका. लाडू-चिवडा नेताय तर कस्टमला विचारल्यावर सरळ "आहे" म्हणून सांगावं. मटण-चिकनचं काही, ताजी फळं, बियाणं न्यायचं नाही. खाऊ लपवण्यात काही अर्थ नसतो, सांगितल्याने बहुधा काहीच होत नाही.

कोणतं नाटक

ब्रॉडवे हा रस्ता असला तरी नाटकाच्या भाषेत ती थिएटरांची वर्गवारी आहे. पाचशे किंवा जास्त खुर्च्यांची एकेचाळीस थिएटरं म्हणजे ब्रॉडवे. शंभर ते चारशे नव्व्याण्णव खुर्च्यांची ती ऑफ-ब्रॉडवे, त्याहून लहान ती ऑफ-ऑफ-ब्रॉडवे. प्रत्यक्ष त्या रस्त्यावर दार असलेली थिएटरं मोजकीच; बहुतेक ४१ ते ५४ नंबरच्या गल्ल्यांत, सहाव्या आणि आठव्या ॲव्हेन्यूच्या मध्ये दाटीवाटीनं आहेत.

आपल्यापुढे खरा प्रश्न भाषेचा. आपण इंग्रजी वाचतो, बोलतोही, पण रंगमंचावरून भरधाव येणारं अमेरिकन इंग्रजी, त्यात विनोद, म्हणजे सगळे हसून झाल्यावर आपण हसतो. यावर दोन उपाय. एक, पहिलं नाटक संगीतप्रधान निवडा. गाणी, नाच, नेपथ्य यांना भाषांतर लागत नाही. नात बरोबर असेल तर १९९७ पासून चालू असलेलं 'द लायन किंग' आहेच. मात्र चार वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच थिएटरांत आत सोडत नाहीत आणि मांडीवर बसणाऱ्या मुलालाही पूर्ण तिकीट लागतं. दुसरा उपाय कमी लोकांना माहीत आहे: गालाप्रो नावाचं ॲप. बऱ्याच ब्रॉडवे थिएटरांत ते चालतं. फोनच्या काळ्या पडद्यावर चालू संवादाची अक्षरं बारीक उजेडात उमटत जातात, शेजाऱ्याला त्रास होत नाही. घरीच उतरवून ठेवा, थिएटरात गेल्यावर धावपळ नको. आणि गोष्ट आधी वाचून जायला लाजू नका. आपण संगीत नाटकाला जायचो तेव्हा गोष्ट कुणाला माहीत नसायची?

तिकीट

इथे पैसे आणि मन दोन्ही जपायचं असतं.

इंटरनेटवर नाटकाचं नाव टाकलं की पहिल्या दोन-चार दुव्यांत पुनर्विक्रीच्या साइट डोकावतात. दिसायला अगदी अधिकृत, भाव दीडपट. म्हणून नाटकाची स्वतःची वेबसाइट उघडायची आणि तिथलंच 'तिकिट्स' बटण दाबायचं. ते तुम्हाला टेलिचार्ज, तिकीटमास्टर अशा त्या थिएटरच्या नेमलेल्या विक्रेत्याकडे नेतं. तिथेही वर सेवाशुल्क लागतं. ते वाचवायचं तर थिएटरच्या खिडकीवर जाऊन काढा. ब्रॉडवेच्या तिकिटाची सरासरी सव्वाशे डॉलरच्या आसपास फिरते, पण ही सरासरी फसवी आहे. एकाच खेळाला एकीकडे साठ-सत्तर डॉलरची खुर्ची असते आणि दुसरीकडे तीनशेची.

दुसरा मार्ग टाइम्स स्क्वेअरमधल्या टीकेटीएसच्या खिडकीचा. थिएटर डेव्हलपमेंट फंड ही ना-नफा संस्था १९७३ पासून ही खिडकी चालवते. ब्रॉडवे आणि ४७व्या गल्लीच्या नाक्यावर लाल काचेच्या पायऱ्या दिसतील, त्यांच्या पोटातच खिडक्या आहेत. त्याच दिवशीच्या खेळांची उरलेली तिकिटं वीस ते पन्नास टक्के सवलतीत मिळतात. बुधवारी दुपारच्या खेळांची विक्री सकाळी अकराच्या सुमारास सुरू होते. कोणत्या नाटकांची तिकिटं लागली आहेत ते त्यांच्या ॲपवर घरबसल्या दिसतं, म्हणजे गाडीत बसल्या बसल्याच पहिली पसंती, दुसरी पसंती ठरवून ठेवता येते. गाण्याबिण्यांविना निव्वळ गद्य नाटक बघणाऱ्यांसाठी वेगळी रांग असते, ती बहुधा छोटी. फार गाजत असलेलं नाटक मात्र इथे मिळेल ही आशा सोडा.

माझा नियम साधा आहे. एखादं ठरावीकच नाटक बघायचं असेल तर आधी काढून मोकळं व्हायचं. "काहीतरी चांगलं बघू" असं असेल तर टीकेटीएस. सकाळी खिडकीवर रांग लावून मिळणारी 'रश' तिकिटं आणि फोनवरची लॉटरी हे तरुणांचे खेळ; आगगाडीचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यात पडू नये.

पैसे भरायच्या आधी तारीख दोनदा वाचा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०९/१० म्हणजे नऊ ऑक्टोबर नव्हे, दहा सप्टेंबर. तिकीट सहसा परत घेत नाहीत आणि बदलूनही देत नाहीत.

खुर्ची कुठली? खालचा मजला तो ऑर्केस्ट्रा, वरचा मेझनीन, त्याच्यावर असलीच तर बाल्कनी. मेझनीनच्या पहिल्या रांगा मला सगळ्यांत आवडतात, नाचाची अख्खी रांगोळी वरून दिसते. पण गुडघे दुखत असतील तर हा मोह नको. यातली कित्येक थिएटरं शंभर वर्षांची आहेत, लिसियम आणि न्यू ॲमस्टरडॅम तर १९०३ सालची. बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, जिने खडे, पाय ठेवायला जागा बेताची. गुडघेवाल्यांनी ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगा घ्याव्यात, कडेची खुर्ची, म्हणजे एक पाय मोकळा सोडता येतो. 'पार्शल व्ह्यू' लिहिलेलं तिकीट स्वस्त असतं कारण रंगमंचाचा एक कोपरा कापला जातो. दोनदा घेतलं, एकदा पस्तावलो.

गाडीनं जायचं

जावई म्हणेल, "सोडतो ना गाडीनं." नको म्हणा. बोगद्याचा टोल, पार्किंगचे चटके, शिवाय ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६०व्या गल्लीच्या खाली गाडी घातली की दिवसा ई-झेडपास (टोल आपोआप भरणारं यंत्र) असलेल्या मोटारीलाही नऊ डॉलरपर्यंतचा गर्दी-कर. एवढ्यात दोघांची जेवणं होतात.

एडिसन, मेटचन, मेट्रोपार्क ही सगळी एनजे ट्रान्झिट या न्यू जर्सीच्या सरकारी आगगाडीच्या नॉर्थईस्ट कॉरिडॉर मार्गावरची स्टेशनं. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला पाऊण ते एक तास लागतो. तिकीट ॲपवर किंवा फलाटावरच्या यंत्रावर आधी काढा. गाडीत रोख देऊन काढलं तर जास्तीचे पैसे पडतात. बासष्ट वर्षं पूर्ण झालेल्यांना सवलत आहे, तिकीट काढताना 'सीनियर' निवडायचं आणि वय दाखवणारं ओळखपत्र जवळ ठेवायचं. ॲपवरचं तिकीट गाडीत चढायच्या आधी 'ॲक्टिव्हेट' करावं लागतं, हे पहिल्यांदा लेकीकडून करून घ्या, दुसऱ्यांदा तिच्यासमोर स्वतः करा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. या मार्गावर पेन स्टेशनं दोन आहेत. एक न्यूअर्कचं, एक न्यूयॉर्कचं. गाडीतल्या भोंग्यातून दोन्ही नावं इतकी सारखी ऐकू येतात की विचारू नका. आमच्या पहिल्या स्वारीत "पेन स्टेशन" ऐकलं, हे उठले, मी उठले, आणखी चारशे माणसं उतरत होती, आम्हीही उतरलो. बाहेर येऊन उंच इमारती शोधतोय. एका पोलिसाला विचारलं, "टाइम्स स्क्वेअर?" तो म्हणाला, "मॅम, राँग स्टेट." पुढची गाडी पंचवीस मिनिटांनी. नाटक सापडलं, जेवण बुडालं.

म्हणून आता आमची खूण ठरलेली: न्यूअर्कनंतर सिकॉकस येतं, मग गाडी नदीखालच्या बोगद्यात शिरते. कानांना दडे बसतात. बोगदा येऊन गेल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. न्यूयॉर्क हे शेवटचं स्टेशन, तिथे सगळेच उतरतात.

पेन स्टेशन ३४व्या गल्लीपाशी, थिएटरं ४१च्या पुढे. उत्तरेकडे जाल तसे गल्ल्यांचे नंबर वाढत जातात, आणि वीस गल्ल्या म्हणजे साधारण एक मैल. रमतगमत पंधरा-वीस मिनिटांत ४४व्या-४५व्या गल्लीपाशी पोचता. चालायचं नसेल तर सबवेचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, एकच स्टेशन. फलाटाच्या दारावर संपर्करहित कार्ड किंवा फोन टेकवला की तीन डॉलर वळते होतात. जुनं पिवळं मेट्रोकार्ड आता विकत मिळत नाही. आपलं भारतातलं कार्ड चालेलच असं नाही, लेकीकडून सबवेचं ऑम्नी कार्ड भरून घ्या.

दोनच्या आधीचे तीन तास

दहाच्या सुमाराची गाडी धरा. ऑफिसला जाणाऱ्यांची रेटारेटी ओसरलेली असते. अकराला उतरून टीकेटीएस करायचं असेल तर आधी ते. नसेल तर ब्रायंट पार्कला जा, ४२व्या गल्लीत, पाचव्या-सहाव्या ॲव्हेन्यूमध्ये. हिरव्या खुर्च्या मोकळ्या टाकलेल्या असतात, कुठेही ओढून बसा. शेजारी १९११ सालची सार्वजनिक लायब्ररी, दारात दोन संगमरवरी सिंह, आत शिरायला पैसे नाहीत, वाचनालयाचं छत मान दुखेपर्यंत बघावं. आणि खरं सांगायचं तर ब्रायंट पार्कचं आणखी एक महत्त्व आहे: तिथलं सार्वजनिक स्वच्छतागृह. चकचकीत, आत ताज्या फुलांचा गुच्छ! आपल्या वयात शहराचा नकाशा असाच बनतो.

टाइम्स स्क्वेअरमध्ये मिकी-बिकी बनून उभे असलेले लोक नातीबरोबर फोटो काढून देतात आणि मग हात पसरतात. काढायचा असेल तर काढा, पण फुकट समजू नका.

जेवण

बाराला जेवायला बसा, साडेबाराला नाही. बुधवारी दुपारी त्या भागातली सगळी हॉटेलं दोनच्या खेळाच्या लोकांनी भरतात. बसताक्षणी वेटरला "टू ओ'क्लॉक शो" एवढं सांगितलं की पुढचं तो सांभाळतो. तिकडे हे रोजचंच आहे. ४६व्या गल्लीत आठव्या-नवव्या ॲव्हेन्यूच्या मधल्या पट्ट्याला रेस्टॉरंट रो म्हणतात, नाटकाआधी-नंतरचं ठरावीक दरातलं जेवण तिथे मिळतं. त्याहून नवव्या ॲव्हेन्यूवर आणखी स्वस्त आणि तऱ्हेतऱ्हेचं. वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, रेस्टॉरंट वीक येतो. १९९२ पासूनची ही प्रथा. एरवी ज्या हॉटेलच्या दाराशी आपण भाव वाचून पुढे सरकतो तिथलं दुपारचं जेवण ठरावीक दरात मिळतं.

शाकाहारी असाल तर "व्हेजिटेरियन" म्हणून सोडून देऊ नका. "नो मीट, नो चिकन, नो फिश" असं मोजून सांगा, अंडं चालत नसेल तर तेही. भाज्यांच्या सूपचं पाणी चिकनचं असू शकतं. थाई भाजीत माशाचा सॉस असतो, सीझर सॅलडच्या मसाल्यात बारीक मासा, आणि मेक्सिकन घोटलेल्या राजम्यात कधीकधी डुकराची चरबी. पिझ्झाचा एक तुकडा घेऊन उभ्याने खाणं यात काही कमीपणा नाही, आमचे निम्मे बुधवार त्यावर गेलेत. पाणी मागताना "टॅप वॉटर" म्हणा, फुकट येतं. नुसतं "वॉटर" म्हटलंत तर बाटली उघडून ठेवतील.

बिल आलं की टिपेचा हिशेब. अठरा ते वीस टक्के द्यायची रीत आहे, वाढणाऱ्याचा पगारच तिच्यावर चालतो, तेव्हा कां-कू नको. न्यूयॉर्क शहरात जेवणावर ८.८७५ टक्के कर लागतो. म्हणून कराच्या आकड्याची दुप्पट केली की टीप जवळपास निघते. साठ डॉलरचं जेवण, कर ५.३३, दुप्पट १०.६६, अकरा-बारा ठेवा. न्यू जर्सीत कर ६.६२५ टक्के, तिथे तिप्पट करायची. पण आधी बिलावर 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टीपच, अशी ओळ आहे का बघा. टाइम्स स्क्वेअरच्या आसपास ती कधीकधी आधीच लावलेली असते, आणि मग आपण टिपेवर टीप देऊन येतो.

आत गेल्यावर

दीडला दाराशी हजर. पिशव्या तपासतात, मोठी बॅग आत घेत नाहीत. इथे तिसरी घंटा होऊन पंधरा मिनिटांनी पडदा उघडण्याचा प्रकार नाही. उशीर झाला तर नाटकात आत सोडण्याजोगा क्षण येईपर्यंत बाहेरच्या पडद्यावर नाटक बघत उभं राहावं लागतं.

खुर्ची दाखवणारी बाई 'प्लेबिल' नावाची पुस्तिका हातात देते, फुकट. आत कलाकारांची माहिती असते, आणि कधी एक चिठ्ठी सुळकन खाली पडते: आज अमुक भूमिका तमुक करणार आहेत. नाव मोठं असलेला नट त्या दिवशी नसूही शकतो. वाईट वाटून घेऊ नका, आम्ही पाहिलेलं सगळ्यांत जीव तोडून केलेलं काम अशाच एका बदलीच्या मुलीचं होतं.

मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं, आणि बायकांची रांग सहसा जिन्यापर्यंत. पडदा पडायला लागला की टाळ्या वाजवत वाजवतच उठायचं. हे तंत्र मला शेजारच्या एका बाईंनी शिकवलं. बटाटावडा मिळत नाही, पाण्याच्या बाटलीचा भाव ऐकून तहान भागते.

परतीची वाट

साडेचारच्या सुमारास बाहेर. नेमकी ऑफिसं सुटायची वेळ, गाडीत उभं राहायला जागा नाही. म्हणून लगेच पेन स्टेशन गाठू नका. टाइम्स स्क्वेअरहून ७ नंबरची सबवे सरळ क्वीन्सला जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या गल्लीशी नेते. अर्ध्या तासात चाट, मिठाई, साड्यांची दुकानं, हिंदी-बंगाली-नेपाळी कोलाहल. पाय बोलत असतील तर जवळच बसा. सातच्या सुमारास, संध्याकाळच्या खेळांची माणसं उठली की हॉटेलं अशी रिकामी होतात की वेटर गप्पा मारायला थांबतो.

उन्हाळ्यात आणखी एक दिवस हाताशी असेल तर सेंट्रल पार्कातलं डेलाकोर्ट थिएटर विसरू नका. १९६२ पासून तिथे उघड्यावर शेक्सपिअर होतो, तिकीट फुकट. पण त्यासाठी सकाळी रांग, नाहीतर सोडत, आणि खेळ रात्रीचा. तो मुलांबरोबर करण्याचा शनिवार.

पेन स्टेशनात फलाटाचा नंबर गाडी सुटायच्या जेमतेम दहा मिनिटं आधी लागतो, आणि लागला की सगळा जमाव एकदम पळतो. तुम्ही पळू नका. सरकत्या जिन्याजवळ आधीच उभं राहा. जागा मिळाली की डाव्या-उजव्या कुठल्याही खिडकीशी बसा, अंधारात काहीच दिसत नाही. न्यूअर्क सुटलं की लेकीला मेसेज टाका. तिथून मेट्रोपार्कला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात ती कुकर बंद करून, नातीला चपला घालायला लावून, स्टेशनच्या पार्किंगमध्ये दिवे लावून उभी असते.